कानात प्लग का टिकत नाही: प्रेस शॉपमधल्या नव्या सेफ्टी ऑफिसरसाठी

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे प्रेस मशीनवर पत्रा कापून-दाबून पार्ट बनवणाऱ्या विभागात, रुजू झालात की पहिल्याच राउंडला दिसेल: इअरप्लग सगळ्यांना दिलेत, पण कुणाचे खिशात, कुणाचे दोरीने गळ्यात लटकलेले, कुणाचे कानाच्या तोंडाशी नुसते टेकवलेले. लगेच मेमो काढू नका. मेमोमुळे सुपरवायझर येताना दिसला की प्लग आत जातो आणि तो वळला की बाहेर येतो, एवढंच होतं. आधी मशीनपाशी उभं राहून बघा, ऑपरेटर प्लग नेमका कधी काढतो.

बहुतेक वेळा तो ऐकण्यासाठी काढतो. ब्लँकिंगचा, म्हणजे पत्र्यातून तुकडा कापण्याचा, ठोका बदलला की पंचची (कापणाऱ्या हत्याराची) धार गेली किंवा स्क्रॅप अडकला, हे मुरलेल्या ऑपरेटरला डोळ्यांआधी कानाने कळतं. शिवाय मागून फोर्कलिफ्ट येते, वर क्रेन फिरते, हेल्पर हाक मारतो. हे ऐकू येणार नाही या त्याच्या भीतीला आधार आहे, तिला अडाणीपणा म्हणू नका. गोंगाटाने श्रवण आधी 3000 ते 6000 हर्ट्झच्या पट्ट्यात खचतं, विशेषतः 4000 च्या आसपास. स, श, च यांसारखी व्यंजनं ओळखायला वरच्याच पट्टीतला आवाज लागतो आणि साधा फोमचा प्लग नेमका तोच जास्त कापतो. म्हणून ज्याचे कान आधीच उतरलेत, त्याला प्लग घातल्यावर बोलणं सगळ्यात कमी कळतं आणि विरोधही तोच जोरात करतो.

इथे खरेदी विभागाची चूक भर घालते. पाकिटावरचा एनआरआर आकडा (प्लग किती डेसिबल आवाज कापतो ते सांगणारा) जितका मोठा तितका प्लग चांगला, असं धरून 33 चा मागवतात. आवाज डीबीएमध्ये, म्हणजे माणसाच्या कानाच्या संवेदनेनुसार जुळवलेल्या डेसिबलमध्ये, मोजला असेल तर त्यातून 7 वजा करायचे, म्हणजे 26. जागेवर 94 डीबीए असेल आणि प्लग नीट बसला, तर कानाशी 68 उरतात. एवढ्यात माणूस आजूबाजूपासून तुटल्यासारखा होतो. अर्धवट बसला तर संरक्षण निम्मं धरतात, म्हणजे 13 आणि कानाशी 81. लक्ष्य 75 ते 80 चं ठेवा. 94 च्या जागेला कमी आकड्याचा, सर्व पट्ट्यांतला आवाज सारखाच कापणारा प्लग चांगला चालतो.

घालायला शिकवताना एकेकाला समोर बसवा. हात धुतलेले हवेत. तेल-ग्रीस आणि धातूचा कीस प्लगवर बसला की कान खाजतो, पिकतो. फोम बोटांत फिरवून सुरकुती न पडता बारीक वळायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि 20-30 सेकंद बोटाने धरून ठेवायचा. ही धरून ठेवण्याची पायरी जवळजवळ सगळे गाळतात, मग फोम फुगताना बाहेर येतो. तपासणी सोपी आहे: दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबा. आवाज आणखी बराच कमी झाला, तर प्लग बसलेला नाही. स्वतःचा आवाज घुमायला लागला तर बसला. हे घुमणं नव्या माणसाला विचित्र वाटतं, म्हणून आधीच सांगा. चष्मेवाल्यांना इअरमफ (हेडफोनसारखे कान झाकणारे) देऊ नका. चष्म्याच्या काडीमुळे गादीला फट पडते.

‘थोडाच वेळ काढला’ याचा हिशेब फळ्यावर मांडा. 30 डेसिबल कापणारा प्लग आठ तासांत अर्धा तास काढला, तर दिवसभराचं संरक्षण सुमारे 12 वर येतं, कारण कानावरचा भार त्या अर्ध्या तासातच साठतो. म्हणून बोलायचं असेल तर गोंगाटाबाहेर जाऊन बोलायचं.

‘आता सवय झाली’ म्हणणाऱ्याचे कान उतरलेत का, हे आधी तपासा. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, शिफ्टनंतर लगेच करू नका. किमान 14 तास शांततेत गेलेले हवेत, नाहीतर तात्पुरता थकवा कायमचा दोष म्हणून नोंदला जातो. कंत्राटी कामगार चाचणी टाळतात, कारण रिपोर्टमुळे गेटपास जाईल अशी धास्ती असते. रिपोर्ट आधी त्यांच्या हातात द्या आणि रिपोर्टमुळे कुणाचं काम जाणार नाही, हे व्यवस्थापनाकडून लेखी घ्या.

आणि हे सगळं करण्याआधी एअर ब्लोकडे बघा. उघड्या पाइपने पार्ट उडवणारी हवा पुष्कळदा प्रेसपेक्षा जास्त किंचाळते. कमी आवाजाचं नोझल लावा, स्क्रॅप घसरत जाणाऱ्या पत्र्याच्या चुटला (घसरणीला) आतून रबर लावा. आवाज कमी करायला कंपनीने हात लावला हे दिसलं, की प्लगबद्दलचं तुमचं बोलणं ऐकून घेतलं जातं.