पुन्हा इन्स्टॉल करण्यापूर्वी: मोबाइल अ‍ॅपची साधने बसवतानाचा अनुभव

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. २०२२ च्या जून महिन्यात, संगणकशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना, मी अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे अँड्रॉइड फोनची अ‍ॅप तयार करण्याचे साधन, पहिल्यांदा माझ्या लॅपटॉपवर उतरवला आणि त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे मला एकही अ‍ॅप चालवता आले नाही. त्या तीन आठवड्यांत मी स्टुडिओ चार वेळा काढून टाकला आणि चार वेळा पुन्हा बसवला. आज मी पर्वरीतील एका छोट्या कंपनीत अ‍ॅप तयार करण्याचे काम करतो, आणि प्रशिक्षणासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांचे लॅपटॉप कामासाठी सज्ज करून देणे ही जबाबदारी माझ्याकडे आहे. त्यांतील बहुतेकांनी माझ्यासारखेच केलेले असते. चूक दिसली की सगळे काढायचे आणि पहिल्यापासून बसवायचे. असे केल्याने चूक सहसा जात नाही. ती कुठे झाली होती याचा पुरावा मात्र निघून जातो, आणि गावातल्या मोबाइल डेटावर काही जीबी पुन्हा उतरवण्यात दोन दिवस जातात ते वेगळेच.

पुन्हा बसवून उपयोग का होत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. अँड्रॉइड स्टुडिओ बाहेरून एकच साधन वाटते, परंतु प्रत्यक्षात तिथे चार-पाच वेगवेगळी साधने एकमेकांवर विसंबून काम करत असतात. खाली जावा असतो, ज्याच्या आधारे बाकीची साधने चालतात. त्याच्यावर ग्रेडल चालते, जे तुमच्या कोडपासून अ‍ॅप बांधते. ग्रेडलला अँड्रॉइडची भाषा शिकवणारे अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन निराळे. एसडीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅप बांधायला लागणाऱ्या फायलींचा संच, हा स्वतंत्र फोल्डर. शेवटी एम्युलेटर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर चालणारा नकली फोन, किंवा खरा फोन. विंडोजवरून स्टुडिओ काढून टाकला तरी तुमच्या नावाच्या फोल्डरमधील ‘डॉट ग्रेडल’ आणि ‘डॉट अँड्रॉइड’ हे फोल्डर सहसा तसेच राहतात, आणि बिघाड बहुतेक वेळा नेमका तिथेच असतो. म्हणजे चार वेळा मी जे बदलले ते मुळात बिघडलेलेच नव्हते.

माझी पहिली चूक जावाची होती. महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकांसाठी मी जावा ८ बसवलेला होता, आणि एका जुन्या व्हिडिओत सांगितले होते म्हणून स्टुडिओच्या सेटिंगमध्ये ग्रेडलसाठीही तोच निवडला होता. पडद्यावर तांबड्या अक्षरांत स्पष्ट लिहून येत होते की, अँड्रॉइड ग्रेडल प्लगिनला जावा ११ लागतो आणि तुम्ही १.८ (म्हणजेच जावा ८) वापरत आहात. मी ते वाक्य अनेकदा पाहिले, पण वाचले नाही. कारण जावा तर माझ्याकडे आहे, मग ही तक्रार खरी कशी असेल, असे मला वाटत होते. शिवाय ही निवड प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये नोंदली जाते, त्यामुळे स्टुडिओ कितीदाही नव्याने बसवला तरी प्रकल्प उघडताच तोच जुना जावा पुन्हा पुढे येत होता.

यातून शिकलेली आणि आजही रोज उपयोगी पडणारी गोष्ट अशी की, जावा, ग्रेडल आणि प्लगिन या तिघांच्या आवृत्त्या एकमेकांशी जुळाव्या लागतात. प्लगिनच्या ७.० आवृत्तीपासून जावा ११ आवश्यक झाला आणि ८.० पासून जावा १७. उलट बाजूनेही अडचण येते: जावा फार नवा आणि ग्रेडल जुने असेल, तर ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन’ असा संदेश येतो आणि त्यापुढे एक आकडा असतो. तो आकडा म्हणजे जावाची आवृत्ती असते, फक्त वेगळ्या मोजणीत: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७ आणि ६५ म्हणजे २१. जावा १७ वर चालण्यासाठी ग्रेडल किमान ७.३ हवे आणि जावा २१ साठी किमान ८.५. स्टुडिओसोबत त्याचा स्वतःचा जावा येतो आणि नवख्या माणसाने तोच वापरावा असे माझे ठाम मत आहे. परंतु टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून, ग्रेडल चालवले की ते ‘जावा होम’ या पर्यावरण चलाकडे, म्हणजे जावा कुठे आहे हे सांगणाऱ्या संगणकाच्या नोंदीकडे, पाहते, स्टुडिओच्या सेटिंगकडे नाही. ‘स्टुडिओत चालते, पण टर्मिनलमध्ये चालत नाही’ अशी तक्रार आली की मी सर्वांत आधी हे चल तपासतो.

आता संदेश वाचण्याविषयी. ग्रेडल अपयशी ठरले की पन्नास-शंभर ओळी पडद्यावर येतात आणि नवखा माणूस शेवटची ओळ शोधयंत्रात टाकतो. शेवटच्या ओळीत बहुधा केवळ किती वेळ लागला आणि बांधणी फसली एवढेच असते. ‘व्हॉट वेंट राँग’ या शब्दांखालचा परिच्छेद आधी वाचावा. तिथे समाधान झाले नाही तर ग्रेडल ‘स्टॅकट्रेस’ या पर्यायासह चालवावे आणि ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणाऱ्या ओळींपैकी सर्वांत खालची पाहावी, मूळ कारण तिथे असते आणि वरच्या ओळी त्याचे परिणाम असतात. घाईत असलेल्या माणसाला हे वाचन कंटाळवाणे वाटते, हे मला माहीत आहे. पण पाच मिनिटांचे वाचन आणि दोन दिवसांचे डाउनलोड यांत निवड करायची असते.

दुसरा धडा पावसाने दिला. आमच्या गावात पावसाळ्यात वीज गेली की थोड्या वेळाने मोबाइलचा टॉवरही बंद पडत असे. नव्या प्रकल्पाला लागणारी ग्रेडलची झिप फाइल शंभर एमबीहून मोठी असते. ती उतरत असताना नेटवर्क गेले आणि फाइल अर्धवट राहिली. पुढच्या वेळी झिप फाइल उघडता येत नाही असा संदेश येऊ लागला. फाइल जागेवर आहे असे समजून ग्रेडल ती पुन्हा उतरवत नव्हते. उपाय साधा आहे: ‘डॉट ग्रेडल’मधील ‘रॅपर’ आणि त्यातील ‘डिस्ट्स’ या फोल्डरमध्ये जाऊन त्या एका आवृत्तीचा फोल्डर पुसावा आणि प्रकल्प पुन्हा सिंक करावा. संपूर्ण ‘डॉट ग्रेडल’ पुसण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो चुकीचा नाही, परंतु मग आतापर्यंत उतरलेल्या सगळ्या लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड) पुन्हा आणाव्या लागतात, आणि ज्यांच्याकडे दिवसाला दीड जीबी डेटा आहे त्यांना ते परवडत नाही. अशा विद्यार्थ्यांना मी आणखी एक मार्ग सांगतो. एसडीकेचा फोल्डर त्याच प्रकारची संगणकप्रणाली असलेल्या मित्राकडून बाह्य डिस्कवर नकलून आणता येतो आणि स्टुडिओला त्याची जागा दाखवता येते. मात्र मित्राचा प्रकल्प आणला, तर त्यातील ‘लोकल डॉट प्रॉपर्टीज’ ही फाइल पुसावी. तिच्यात मित्राच्या संगणकावरील एसडीकेचा पत्ता असतो आणि तोच तुमच्या संगणकावर शोधला जातो.

तिसरी अडचण मराठी घरांत विशेष आढळते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. पेडण्याहून आलेल्या एका विद्यार्थिनीचा लॅपटॉप घरातील सर्वांचा होता आणि विंडोजवरील खात्याला कुणीतरी प्रेमाने देवनागरीत ‘आई’ असे नाव दिले होते. त्यामुळे तिच्या सगळ्या फोल्डरांच्या पत्त्यात देवनागरी अक्षरे आली. पत्त्यात इंग्रजी वर्णमालेबाहेरचे अक्षर असेल, तर अँड्रॉइडची काही साधने विंडोजवर अडतात. प्रकल्पाच्या पत्त्याबाबत प्लगिन स्वतःच तसा संदेश देऊन थांबते, आणि पत्त्यात मोकळी जागा असेल तर एनडीकेच्या, म्हणजे सी आणि सी++ मधील कोडसाठीच्या, साधनांना त्रास होतो. खात्याचे दिसणारे नाव बदलून भागत नाही, कारण फोल्डरचे नाव खाते तयार होताना ठरते आणि तसेच राहते. तिच्यासाठी आम्ही इंग्रजी अक्षरांतील, मोकळी जागा नसलेल्या नावाचे नवे खाते तयार केले. ते शक्य नसते तर एसडीके आणि प्रकल्प थेट सी ड्राइव्हवरील लहान नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून ग्रेडल आणि एम्युलेटर यांचे फोल्डरही पर्यावरण चलांद्वारे तिकडे वळवता आले असते. आपल्या लिपीमुळे एखादे साधन अडावे याचे मला मनापासून वाईट वाटते, आणि ही उणीव दूर व्हायला हवी असे मी मानतो. परंतु आज शिकायला बसलेल्या मुलीला आजच काम करता यावे लागते.

एम्युलेटरबद्दल थोडक्यात सांगतो. लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम असेल तर एम्युलेटरच्या वाटेला जाऊ नये, खरा फोन जोडावा. एम्युलेटरच हवा असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली व्हर्च्युअलायझेशन (संगणकात दुसरे यंत्र चालवण्याची प्रोसेसरची सोय) चालू आहे का ते पाहावे. बंद असेल तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, इंटेलसाठी व्हीटी-एक्स आणि एएमडीसाठी एसव्हीएम या नावाने तो पर्याय सापडतो. जुनी मार्गदर्शने एम्युलेटर वेगाने चालावा म्हणून इंटेलचे हॅक्सम बसवायला सांगतात. त्याचा विकास २०२३ मध्ये थांबला आहे, तेव्हा त्यामागे लागू नये.

फोन जोडताना सेटिंगमधील बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवले की डेव्हलपर पर्याय उघडतात, आणि त्यांत यूएसबी डिबगिंग चालू करावे लागते. त्यानंतर टर्मिनलमध्ये ‘एडीबी डिव्हायसेस’ ही आज्ञा द्यावी (एडीबी हे संगणक आणि फोन यांना जोडणारे साधन) आणि उत्तर नीट पाहावे, कारण इथे उत्तरच निदान असते. यादी रिकामी असेल तर दोष केबलचा किंवा विंडोजवरील ड्रायव्हरचा. केवळ चार्जिंगपुरत्या केबलमधून डेटा जात नाही, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळ याच गोष्टीने खाल्ला आहे. ‘अनऑथराइज्ड’ असे आले तर फोनचा पडदा उघडून परवानगीच्या चौकटीला होकार द्यावा. ‘ऑफलाइन’ आले तर केबल काढून एडीबीचा सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा. अँड्रॉइड ११ पासून केबलविना वाय-फायवरही फोन जोडता येतो, मात्र फोन आणि लॅपटॉप एकाच नेटवर्कवर असावे लागतात, आणि वसतिगृहांतील काही नेटवर्क एका उपकरणाला दुसरे दिसू देत नाहीत.

फ्लटर, म्हणजे एकाच कोडपासून अँड्रॉइड, आयफोन आणि विंडोजची अ‍ॅप बनवण्याचे साधन, शिकणाऱ्यांना काय बसवले आहे आणि काय नाही हे सांगणारी ‘फ्लटर डॉक्टर’ ही आज्ञा मोठी मदत करते, पण तिचे उत्तरही समजून वाचायला हवे. कमांड-लाइन टूल्स नाहीत अशी तक्रार असेल तर एसडीके मॅनेजरमधील एसडीके टूल्स या भागात ती निवडून बसवावीत आणि त्यानंतर त्याच आज्ञेला अँड्रॉइड लायसन्सेसचा पर्याय जोडून परवाने स्वीकारावेत. क्रम उलटा केला तर परवान्यांची आज्ञा चालतच नाही. व्हिज्युअल स्टुडिओ नसल्याची खूण दिसली म्हणून गेल्या वर्षी एका मुलाने रात्रभर जागून काही जीबी उतरवले होते. ते केवळ विंडोजवरील अ‍ॅपसाठी लागते. प्रत्येक तांबडी खूण तुमच्या कामाची नसते. आयफोनचे अ‍ॅप बांधण्यासाठी एक्सकोड लागते आणि ते मॅकवरच चालते, तेव्हा विंडोजवर त्याचा शोध घेत बसू नये.

जुन्या व्हिडिओंविषयी एक इशारा देणे आवश्यक आहे. प्रकल्पात ‘जेसेंटर’ हा लायब्ररींच्या एका जुन्या ऑनलाइन भांडाराचा शब्द दिसला आणि लायब्ररी सापडत नसेल, तर त्या भांडाराची मुख्य सेवा बंद होत असल्याची घोषणा २०२१ मध्येच झाली होती हे ध्यानात घ्यावे आणि त्या जागी ‘मेव्हन सेंट्रल’ हे दुसरे भांडार लिहून पाहावे.

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एक वही करायला सांगतो. काय बदलले, त्याआधी संदेश काय होता आणि नंतर काय झाला, एवढेच त्यात लिहायचे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मदत मागतानाही हीच वही कामी येते. ‘चालत नाही’ असा निरोप आला तर मला काहीच सांगता येत नाही. स्टुडिओची, जावाची, ग्रेडलची आणि प्लगिनची आवृत्ती, ‘व्हॉट वेंट राँग’खालचा पूर्ण मजकूर आणि आतापर्यंत केलेले बदल एवढे कळले, तर बहुतेक वेळा फोनवरूनच उत्तर देता येते. गेल्या चवथीच्या सुट्टीत डिचोलीच्या एका मुलाने मला वहीच्या पानाचे छायाचित्र पाठवले होते. त्यात तिसऱ्या ओळीत ‘मेजर व्हर्जन ६५’ असे लिहिलेले होते आणि त्याखाली ग्रेडल ७.५. मी त्याला ग्रेडल रॅपरच्या, म्हणजे प्रकल्पाला कोणते ग्रेडल लागते ते नोंदवणाऱ्या, फाइलमधील आवृत्ती ८.५ करायला आणि प्लगिनची आवृत्ती तिच्याशी जुळते का ते पाहायला सांगितले, आणि अर्ध्या तासाने त्याच्या वडिलांच्या फोनवर चालू झालेल्या अ‍ॅपचे छायाचित्र आले.