क्रांतीच्या पंचांगातली तारीख कशी वाचावी

गेली कित्येक वर्षं मी पुण्यात फ्रेंच शिकवते आणि जुन्या कागदपत्रांचे अनुवाद करते. फ्रान्समध्ये लग्न करून गेलेल्या एका मराठी मुलीने सासरच्या घराण्याचे दाखले माझ्याकडे पाठवले होते. त्यांवरच्या तारखा फ्रेंच राज्यक्रांतीने आणलेल्या नव्या पंचांगातल्या: आईवडिलांचं लग्न 2 वांदेमिएर, साल 3 आणि मुलाचा जन्म 15 मेसिदोर, साल 3. मी दोन्हीकडे 1794 लिहून मोकळी झाले. तिचा फोन आला, "ताई, लग्न सप्टेंबरातलं आणि बाळ जुलैतलं, असं कसं?" एका सरळ घराला मी आकड्याच्या चुकीने बट्टा लावला होता. तेव्हापासून प्रत्येक तारीख कागदावर मांडून सोडवते, ती अशी.

आधी महिना ओळखा. नावाचं शेपूट ऋतू सांगतं. 'एर' म्हणजे शरद: वांदेमिएर, ब्रुमेर, फ्रिमेर. 'ओज' म्हणजे हिवाळा: निवोज, प्लुविओज, वांतोज. 'आल' म्हणजे वसंत: जेर्मिनाल, फ्लोरेआल, प्रेरिआल. 'दोर' म्हणजे उन्हाळा: मेसिदोर, तेर्मिदोर, फ्रुक्तिदोर. ही नावं फाब्र देग्लांतिन या कवी-नाटककाराने सुचवली. जुन्या हस्ताक्षरात प्लुविओज आणि निवोज यांची गल्लत होते, म्हणून पहिलं अक्षर नीट बघा.

मग महिन्याची पहिली तारीख मांडा. त्याच क्रमाने: 22 सप्टेंबर, 22 ऑक्टोबर, 21 नोव्हेंबर, 21 डिसेंबर, 20 जानेवारी, 19 फेब्रुवारी, 21 मार्च, 20 एप्रिल, 20 मे, 19 जून, 19 जुलै, 18 ऑगस्ट. दिवसाच्या आकड्यातून एक वजा करून उरलेले दिवस पुढे मोजा. 9 तेर्मिदोर, साल 2 म्हणजे 19 जुलै अधिक 8, अर्थात 27 जुलै 1794. क्रांतीचा पुढारी रोबेस्पिएर त्या दिवशी सत्तेवरून पडला. सगळे महिने 30 दिवसांचे, शेवटी पाच जादा दिवस, लीप वर्षी सहा.

वर्ष काढायला आपल्या शकाची सवय उपयोगी पडते. शकात 78 मिळवतो, पण जानेवारी लागली की फाल्गुनापर्यंत 79. इथेही तसंच. वांदेमिएरपासून 9 निवोजपर्यंत 1791 मिळवा, 12 निवोजपासून पुढे 1792. मधल्या 10 आणि 11 तारखेला खाली दिलेला एका दिवसाच्या फरकाचा नियम लावून 1 जानेवारी लागली का ते पाहा. माझं चुकलं ते नेमकं इथे: 3 अधिक 1792, म्हणजे बाळाचा जन्म 3 जुलै 1795 चा. लग्नाला नऊ महिने होऊन गेलेले.

आता एका दिवसाचा फरक. साल 3, 7 आणि 11 लीप होती, म्हणून साल 4 मध्ये 29 फेब्रुवारीपर्यंत आणि साल 8 ते 11, 13 व 14 मध्ये सगळीकडे वरच्या यादीत एक दिवस मिळवा. साल 12 मध्ये फेब्रुवारीअखेरपर्यंत दोन, नंतर एक. नेपोलियनने सत्ता घेतली ती 18 ब्रुमेर, साल 8: 23 ऑक्टोबर अधिक 17, म्हणजे 9 नोव्हेंबर 1799. यादीतला 22 ऑक्टोबर धरला असता तर 8 आली असती.

कागदावर 'व्हिय स्तील', म्हणजे जुनी पद्धत, असे शब्द किंवा त्यांची आद्याक्षरं दिसली तर ती तारीख साधी इंग्रजी कॅलेंडरची आहे. तिला हात लावू नका.

रूपांतर झालं तरी मूळ तारीख अनुवादात ठेवा, माझा हा हट्ट आहे. राज्याभिषेक शक लिहिणारा कारकून नुसती तारीख लिहीत नव्हता, तसंच हेही. संतांच्या नावाऐवजी प्रत्येक दिवसाला झाड, जनावर, अवजार किंवा मातीतली एखादी वस्तू दिली होती. रोबेस्पिएरने 8 तेर्मिदोरला शेवटचं मोठं भाषण केलं, तो दिवस करडईचा. 8 निवोज शेणखताचा. आठवड्याऐवजी दहा दिवसांचा दशक आला आणि मजुराची सुट्टी सात दिवसांवरून दहाव्या दिवसावर गेली. त्यांचं नुकसान मला आजही लागतं.

हे पंचांग मांडणाऱ्या समितीचा प्रमुख जिल्बेर रोम. प्रेरिआल, साल 3 च्या पॅरिसमधल्या उठावानंतर त्याला देहदंड झाला आणि त्याने स्वतःला भोसकून घेतलं: 29 प्रेरिआल. तुम्हीच मांडून बघा. 20 मे अधिक 28, म्हणजे 17 जून. वर्ष 3 अधिक 1792. उत्तर 17 जून 1795 यायला हवं.

शेवटची तपासणी. पंचांग 10 निवोज, साल 14 ला, म्हणजे 31 डिसेंबर 1805 ला संपलं. त्यापुढची तारीख वाचलीत तर आकडा पुन्हा बघा. अपवाद एकच: 'फ्लोरेआल, साल 79' दिसलं तर दचकू नका. तो 1871 च्या पॅरिस कम्यूनचा, म्हणजे तिथल्या क्रांतिकारी सरकारचा कागद आहे.