नवं ग्राफिक्स कार्ड, जुना एसएमपीएस: पैसे मोजण्याआधीची तयारी

कार्डाच्या किमती बघत बसण्याआधी कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा आणि एसएमपीएसवरचं, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या खोक्यावरचं, लेबल वाचा. ठळक अक्षरातला वॉटचा आकडा बाजूला ठेवा; तक्त्यातली +१२ व्होल्टची ओळ शोधा. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर जवळजवळ सगळी वीज याच ओळीवरून ओढतात. तिथले अँपिअर गुणिले १२, हा तुमचा खरा आकडा. ३४ अँपिअर असतील तर ४०८ वॉट. कॅबिनेटबरोबर आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर ‘५००’ छापलेलं असतं, पण त्यातला बराच हिस्सा ५ आणि ३.३ व्होल्टच्या ओळींवर दाखवलेला असतो, आणि आजच्या मशिनमध्ये त्या ओळींना फारसं काम नाही. +१२व्ही१ आणि +१२व्ही२ अशा दोन ओळी असतील तर त्यांची बेरीज करू नका. दोन्ही मिळून जास्तीत जास्त किती, ते बहुतेक वेळा त्याच तक्त्यात वेगळं दिलेलं असतं, तेच धरा. ते दिलेलं नसेल तर मी त्या एसएमपीएसवर नवं कार्ड लावणार नाही.

आता हिशेब मांडा. आरटीएक्स ५०६० घेतलं तर १४५ वॉट, आय५-१२४०० प्रोसेसर जोरात चालताना ११७, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंख्यांचे मिळून ५० धरा. एकूण ३१२. वरच्या ४०८ मध्ये हे बसतं आणि थोडी जागाही उरते. पण त्याच मशिनवर २५० वॉटचं आरटीएक्स ५०७० लावायचं ठरवलंत, तर बेरीज ४१७ वर जाते आणि विषय तिथेच संपतो. ३०४ वॉटच्या आरएक्स ९०७० एक्सटीचं नावही काढू नका.

उरलेली ती जागा चैन म्हणून नसते. कार्डाचा छापील आकडा सरासरीचा असतो. प्रत्यक्षात ते क्षणार्धात त्याच्या बरंच वर झेप घेतं आणि खाली येतं. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकाने एसएमपीएसला १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार पेलण्याची अट घातली ती यासाठीच. त्याआधीच्या एसएमपीएसवर ही सक्ती नव्हती. म्हणून गेम ऐन रंगात असताना मशीन अचानक बंद पडतं आणि माणूस कार्डाला दोष देत बसतो. जुन्या एसएमपीएसवर चौथ्या हिश्श्याच्या आसपास तरी जागा मोकळी ठेवा.

बिल सापडलं तर तारीख बघा. वॉरंटी संपून वर्षं झाली असतील आणि मशीन रोज चाललं असेल, तर आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, थकलेले असणार. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. विदर्भातल्या मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत चाललेला एसएमपीएस आणि महाबळेश्वरचा एसएमपीएस एकाच वयाचे धरता येत नाहीत. जाळीतून टॉर्च मारून कपॅसिटरची टोकं फुगलेली दिसतात का बघा. पंखा करकरतो का ऐका. एसएमपीएसचा खोका मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो, तो जिवावर बेतू शकतो.

केबलींवर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण आग इथून लागते. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॉट मिळतात, सहा पिनच्या केबलमधून ७५, आठ पिनच्या केबलमधून १५०. तुमच्या एसएमपीएसला आठ पिनची केबल मुळातच नसेल, तर तो तेवढ्या कार्डासाठी बनवलेला नाही हे समजून घ्या. दुकानदार साटा केबलवरून, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या केबलवरून, सहा पिन करून देणारा अडॅप्टर पुढे करेल, घेऊ नका. साटाच्या १२ व्होल्टच्या पिनांची क्षमता ५४ वॉट आहे, आणि समोरचं कार्ड ७५ मागू शकतं. प्रोसेसरची आठ पिनची केबल कार्डाच्या केबलसारखी दिसते, पण तिच्या तारांची रचना वेगळी असते. ४+४ अशी फुटते ती प्रोसेसरची, ६+२ अशी फुटते ती कार्डाची. मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या करता येणारा एसएमपीएस असेल तर त्याच्याच डब्यातल्या केबली वापरा. दुसऱ्या कंपनीची केबल घट्ट बसली तरी एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम सारखा असेलच असं नाही, आणि कार्ड पहिल्याच क्षणी जळू शकतं. कार्डाला दोन जोड हवे असतील तर एकाच केबलची दोन तोंडं न लावता दोन वेगळ्या केबली ओढा. कार्डाबरोबर सोळा पिनचा अडॅप्टर आला असेल तर तो फट न राहता पूर्ण आत गेला पाहिजे आणि तोंडापाशी लगेच वाकवायचा नाही.

यूपीएस बहुतेक जण विसरतात. आपल्या घरांतला नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॉटच देतो. वरचे ३१२ वॉट एसएमपीएसच्या बाहेर पडणारे आहेत. ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर भिंतीतून ३६७ ओढले जातात, मॉनिटर वेगळाच. गेम चालू असताना वीज गेली की यूपीएसही त्याच क्षणी बसणार. अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या.

कार्ड बसवल्यावर मल्टिमीटरने मोलेक्सच्या, म्हणजे एसएमपीएसच्या चार पिनच्या जुन्या जोडाच्या, पिवळ्या आणि काळ्या तारेत मोजा. पूर्ण भारावर आकडा ११.४ ते १२.६ च्या बाहेर जाता कामा नये. एसएमपीएसच्या मुख्य केबलमधली हिरवी-काळी तार जोडून त्याचा पंखा फिरतो का बघण्याची चाचणी इथे काही सांगत नाही, तिच्यात भारच नसतो. अर्धा तास जड गेम चालवा, मग केबलच्या तोंडाला हात लावा. कोमट चालेल, चटका बसला किंवा वास आला तर लगेच बंद करा. मशीन रिस्टार्ट होत असेल तर आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट (वीज ओढण्याची मर्यादा) ८० टक्क्यांवर आणा. तेवढ्याने थांबलं तर एसएमपीएस कमी पडतोय असंच धरा. मग एटीएक्स ३.१ लिहिलेला नवा घ्या, किंवा कार्डच बदलून ७० वॉटचं ६ जीबी आरटीएक्स ३०५० घ्या; त्याच्या बहुतेक मॉडेलांना वेगळी केबल लागत नाही.