पीओई स्विच घेताना पोर्ट नका मोजू, वॅट मोजा

पीओई स्विच म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला, फोनला वीज देणारा स्विच. त्यावर दिवसभर कॅमेरे मस्त चालतात आणि अंधार पडला की दोन-तीन बंद-चालू व्हायला लागतात, असं होत असेल तर आधी कॅमेऱ्याला शिव्या घालू नका. रात्री अंधारात दिसावं म्हणून आयआरचे (इन्फ्रारेड) एलईडी पेटतात, कॅमेरा जास्त वीज ओढतो आणि स्विचचं पॉवर बजेट, म्हणजे सगळ्या पोर्टना मिळून देता येणारे एकूण वॅट, संपतं. मी याच भानगडीत दोन केबली उगाच बदलल्यात.

स्विच केबल लावल्या लावल्या ४८ व्होल्ट सोडत नाही. आधी १० व्होल्टच्या आतच चाचपून बघतो, समोर साधारण २५ किलोओहमचा रेझिस्टर दिसला तरच पुढे जातो, म्हणून तर लॅपटॉप लावला तरी जळत नाही (२४ व्होल्टवाले पॅसिव्ह इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये थेट वीज सोडणारे डबे, असलं काही विचारत नाहीत, ते जपून). मग डिव्हाइस आपला क्लास, म्हणजे स्विचने जास्तीत जास्त किती वीज धरायची तो गट, सांगतं: क्लास १ म्हणजे ४ वॅट, २ म्हणजे ७, ३ म्हणजे १५.४ आणि ४ म्हणजे ३०. आणि केबल काढली की अर्ध्या सेकंदाच्या आत वीज बंद.

आता खरी गंमत. ८ पोर्टचा स्विच, बजेट ६५ वॅट, कॅमेरे सगळे क्लास ३ चे. स्विच क्लासप्रमाणे वीज राखून ठेवत असेल तर चारच कॅमेरे चालू होणार, कारण चौघांचेच ६१.६ झाले, मग ते प्रत्यक्षात ५-५ वॅटच खात असले तरी! अशा वेळी सेटिंगमध्ये प्रत्यक्ष वापरावर वाटप करायचा पर्याय असेल तर तो घ्या, किंवा दोन्हीकडे एलएलडीपी (डिव्हाइस नि स्विचने एकमेकांना माहिती द्यायची पद्धत) चालत असेल तर ते चालू करा, मग डिव्हाइस नेमके किती वॅट लागतात ते स्वतःच सांगतं. पण बेरीज करताना आकडा रात्रीचाच धरा. गेटच्या कॅमेऱ्याला प्रायॉरिटी क्रिटिकल द्या, जिन्यातल्याला लो, म्हणजे कमी पडलंच तर आधी जिना जाईल.

बचत करायची तर ऑफिसातले वायफाय एपी (अ‍ॅक्सेस पॉइंट) नि फोन रात्री शेड्युलने बंद करा. ८ वॅटचे ६ एपी रोज १० तास बंद म्हणजे महिन्याला १४ युनिट वाचले. नुसता पोर्ट डिसेबल करून भागेलच असं नाही, काही स्विचवर डेटा आणि पीओई वेगवेगळं बंद करावं लागतं. ८०२.३एझेड, म्हणजे ते ग्रीन इथरनेट, दोन्ही टोकांना असेल तरच कामाचं, आणि वाचतं पोर्टमागे एका वॅटच्याही आत. लिंक तुटायला लागली तर त्या पोर्टवर सरळ बंद करा.

शेड्युल लावायच्या आधी स्विचचं घड्याळ एनटीपीला, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेला, जोडा हं, नाहीतर लाइट जाऊन आली की काही स्विच तारीख-वेळ विसरतात आणि मग भर दुपारी सगळे फोन मेलेले.