वायद्याची ‘सिस्टीम’ विकत घेताय? आधी या चुका टाळा

हळदीचा हंगाम लागला, सांगलीच्या मार्केट यार्डात आवक वाढली, की मोबाइलवर जाहिराती सुरू होतात: ‘हळद, सोने, चांदी वायदा. ९० टक्के अचूक सिस्टीम.’ वायदा म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा आजच ठरलेल्या भावाने केलेला सौदा, आणि सिस्टीम म्हणजे त्यात कधी घ्यायचं, कधी विकायचं हे सांगणारे तयार नियम. भुलणारे बहुतेक हिशेबात पक्के लोक असतात: अडते, तासगावचे बेदाणा व्यापारी, विट्याकडचे सोनं-चांदी गाळणारे गलाई बांधव. मालाची पारख त्यांना कुणी शिकवायला नको. चूक होते ती जाहिरातीतला आकडा वाचताना.

अचूकतेचा टक्का पाहून पैसे भरणे

नऊ सौद्यांत हजार-हजार मिळाले आणि दहाव्यात पंधरा हजार गेले, तर अचूकता ९० टक्के आणि खिशातून सहा हजार वजा. असा टक्का बनवणं अवघड नाही. किरकोळ नफा दिसला की सौदा काढायचा, तोट्यातला मात्र ‘भाव परत येईल’ म्हणत धरून ठेवायचा. म्हणून सरासरी नफा किती, सरासरी तोटा किती आणि भांडवल एका दमात जास्तीत जास्त किती खाली गेलं, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नाला आढेवेढे घेतले तर बोलणं तिथंच थांबवा. भांडवल निम्मं झालं की मूळ रकमेवर यायला उरलेले पैसे दुप्पट करावे लागतात.

तेजीच्या वर्षाचा तक्ता खरा मानणे

२०२३ मध्ये एप्रिल ते ऑगस्ट हळदीचा वायदा दुपटीहून वर गेला. त्या काळात नुसती खरेदी करून बसलेल्यालाही नफा झाला, त्यात सिस्टीमची करामत काय? २०१० च्या तेजीनंतर पुढच्या वर्षी भाव कोसळले, त्या काळातले सौदे दाखवायला सांगा. मागच्या भावांवर नियम इतके घासूनपुसून बसवता येतात की जुना तक्ता सुंदरच दिसतो. नियम ठरल्यानंतरच्या महिन्यांत काय झालं, ते बघायचं.

‘स्टॉपलॉस आहे, तोटा मर्यादित’ यावर विसंबणे

स्टॉपलॉस म्हणजे ठरलेल्या भावाला तोट्यातला सौदा आपोआप काढायचा आदेश. इथं २० एप्रिल २०२० आठवा. लॉकडाऊनमुळे एमसीएक्स या वायदा बाजारातले सौदे संध्याकाळी ५ ला बंद होत होते. त्या दिवशी कच्च्या तेलाचा एप्रिल करार संपत होता आणि शेवटचा भाव होता बॅरलला ९६५ रुपये. रात्री अमेरिकेत भाव शून्याच्या खाली गेला आणि इथला करार उणे २,८८४ रुपयांना मिटवला गेला. एक लॉट (सौद्याचं ठरलेलं एकक) १०० बॅरलचा, म्हणजे ९६५ ला खरेदी उभी ठेवणाऱ्याचे एका लॉटमागे ३,८४,९०० रुपये गेले. बाजारच बंद, तर स्टॉपलॉस लागणार कुठं? शेतमालात सर्किट (दिवसातल्या चढ-उताराची मर्यादा) लागलं आणि समोर घेणारा नसला की हीच अडचण येते.

खर्चही जाहिरातीत नसतो. पाच किलोच्या चांदी मिनी करारात घेताना किलोला २० आणि विकताना २० रुपये भाव सरकला, तर एका सौद्याला २०० रुपये गेले. महिन्याला शंभर सौदे काढणाऱ्या सिस्टीममध्ये हे २० हजार होतात. दलाली आणि कर वेगळे.

फुकटच्या टिपांवरून विश्वास ठेवणे

आठशे जणांपैकी निम्म्यांना ‘घ्या’, निम्म्यांना ‘विका’ असा मेसेज जातो. ज्यांचं बरोबर आलं त्या चारशेंची पुन्हा तशीच विभागणी, मग दोनशेंची. शेवटी शंभर जणांना सलग तीन टिपा बरोबर आलेल्या दिसतात, आणि फी त्यांच्याकडेच मागतात. उरलेले सातशे त्यांना दिसत नाहीत. नफ्याचे स्क्रीनशॉटही असेच निवडलेले असतात. सलग वर्षभराच्या, तोट्याच्या दिवसांसकट, ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोट (सौद्यांच्या अधिकृत पावत्या) मागा.

सल्लागाराचा नोंदणी क्रमांक सेबी या बाजार नियामक संस्थेच्या वेबसाइटवर स्वतः तपासा: गुंतवणूक सल्लागाराचा ‘INA’ या अक्षरांनी, रिसर्च अ‍ॅनालिस्टचा ‘INH’ ने सुरू होतो. नोंदणी असली तरी नफ्याची हमी कुणालाच देता येत नाही. अल्गो (संगणकाने आपोआप सौदे करणारी सिस्टीम) देणाऱ्या ब्रोकरांनी मागच्या किंवा पुढच्या परताव्याचा उल्लेखही करायचा नाही, असं सेबीने सप्टेंबर २०२२ मध्येच बजावलं आहे. ट्रेडिंग खात्याचा पासवर्ड किंवा ओटीपी कुणी मागितला तर देऊ नका. पैसे आधीच भरले असतील तर पावत्या आणि चॅट जपून ठेवा. नोंदणीकृत माणसाविरुद्ध सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रार पोर्टलवर तक्रार करा, बिगरनोंदणीकृत असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन लावा.