मुलांना पॉकेटमनी द्यावा का? ठरवताना या चुका टाळा

"आमच्याकडे पॉकेटमनी-बिकेटमनी काही नाही, लागेल तेव्हा मागतात," असं इंदूरच्या मराठी घरांतून आजही जरा ताठ मानेने सांगितलं जातं. त्याच घरातला एक आठवडा कागदावर मांडून बघा. सोमवारी कँटीनला ३० रुपये. बुधवारी मैत्रिणीच्या वाढदिवसाला पेन, ५० रुपये. ट्यूशन सुटल्यावर सगळे छप्पनला, म्हणजे छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत, गेले म्हणून १००. रविवारी आबांनी पोहे-जिलेबी आणायला पाठवलं, तर उरलेली चिल्लर परत आलीच नाही. म्हणजे पैसे जातच आहेत. फक्त किती, कधी आणि कशासाठी हे मुलाच्या हट्टावर आणि तुमच्या त्या दिवशीच्या मूडवर ठरतंय. दर आठवड्याला ठरलेली रक्कम द्यायची की नाही याचा विचार इथून सुरू करा, म्हणजे "मुलं बिघडतील का" हा घोर निम्मा कमी होतो.

शेजाऱ्यांचा आकडा उचलणे

"वरच्या मजल्यावरच्या आर्यनला ५०० मिळतात" याला काही अर्थ नाही. आर्यन त्यात काय काय भागवतो ते तुम्हाला कुठे ठाऊक आहे? आधी दोन-तीन आठवडे कॅलेंडरच्या चौकटीत मुलावर झालेला फुटकळ खर्च लिहा. मग त्याचे दोन भाग करा. फी, वह्या, व्हॅन, कपडे, डॉक्टर तुमच्याकडे. कँटीन, मित्रांबरोबरचं खाणं, वाढदिवसाच्या भेटी, स्टिकर-पेनं त्याच्याकडे. सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री घरचे सगळे मिळून जातो, तिथले पैसे आई-बाबांचे. छप्पनला मैत्रिणींबरोबर गेली तर तिचे. ही रेघ स्पष्ट नसेल तर रक्कम कितीही ठेवा, रोज वाद होणार.

समजा सातवीतली मुलगी आहे. आठवड्यातून दोनदा कँटीन, ३० प्रमाणे ६०. एकदा बाहेरचं खाणं ६०. महिन्याला १०० रुपयांची एक भेट, म्हणजे आठवड्याला २५. झाले १४५. तिला १५० द्या, २५० नको. थोडी ओढाताण राहिली तरच काय घ्यायचं आणि काय सोडायचं हा विचार होतो. दुसरी-तिसरीतल्या मुलाला २०-३० रुपये पुरतात आणि तेही आठवड्याचेच, कारण त्या वयात महिना फार लांब असतो. महिन्याचे एकदम देणं आठवी-नववीपासून.

संपले की पुन्हा भरणे

बहुतेक घरांत पॉकेटमनीचा प्रयोग इथेच बारगळतो. रविवारी १५० दिले, मंगळवारी संपले, गुरुवारी सगळी गँग कुठेतरी निघाली आणि आपलं पोर तोंड पाडून बसलं. आई विरघळते, बाबा "बरं, या वेळेस" म्हणतात. झालं. पोराने काय टिपलं? संपले तरी मिळतात.

आई-बाबा घट्ट राहिले तरी आजी असतेच. नोटेची बारीक घडी, नातवाच्या मुठीत, वर "आईला सांगू नकोस". यावरून सासूबाईंशी भांडण काढण्यात काही हाशील नाही. त्यांचा देण्यातला आनंद काढून घेऊ नये, वाट बदलावी. "अहो आई, तुम्हाला द्यायचेच असतात ना, मग रविवारी आमच्याबरोबर द्या, किंवा सायकलसाठी तो पैसे साठवतो त्या डब्यात टाका. मधल्या वारी मात्र नको." बहुतेक आज्या ऐकतात. आबांचं सांगता येत नाही.

खरंच अडलं असेल तर उचल द्या, बक्षीस नको. ५० घेतले, पुढच्या रविवारी १०० मिळतील, हे त्याच्याच हाताने लिहून घ्या. पहिली उचल फिटेपर्यंत दुसरी नाही. आणि शिक्षा म्हणून आठवड्याचे पैसे कापू नका. उलट उत्तर दिल्याचा आणि कँटीनचा संबंध नाही.

"दे, मी सांभाळून ठेवते"

पाहुणे निघताना हातावर ठेवतात ते, भाऊबीजेच्या ताटातले, मुंजीतल्या पाकिटांतले पैसे आईच्या कपाटात जातात आणि तिथून किराण्यात विरघळतात. मुलं हे विसरत नाहीत. चाळिशीतली माणसं मुंजीतल्या पैशांवरून अजून आईला चिडवतात, हे आपण पाहतोच. दिवाळीच्या आधीच वाटणी ठरवा: इतके हातात, बाकीचे त्याच्या खात्यात, आणि भरणा करताना तो बरोबर हवा.

रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या सूचनांप्रमाणे १० वर्षांची आणि त्यापुढची मुलं, बँकेने ठरवलेल्या मर्यादेत, बचत खातं स्वतः उघडून स्वतः चालवू शकतात. त्याहून लहान असेल तर पालकांमार्फत. एटीएम कार्ड द्यायचं की नाही हे बँक ठरवते, आणि खात्यात असतील त्याहून जास्त काढता येत नाहीत. स्टेट बँकेची 'पहला कदम' आणि 'पहली उड़ान' ही खाती मुलांसाठीच आहेत. जमा-पावती त्याला भरू द्या, दोनदा चुकली तरी. सुकन्या समृद्धीचं खातं उत्तमच, पण ते तुमचं नियोजन झालं. मुलीला त्यातून सायकल घेता येत नाही, तेव्हा तिची 'बचत' म्हणून ते दाखवू नका.

कामाला आणि मार्कांना भाव लावणे

ताट उचललं, १० रुपये. बाटल्या भरल्या, ५ रुपये. काही महिन्यांनी पाहुण्यांना पाणी द्यायला सांगितलं की "किती देणार?" हा प्रश्न ठरलेला. स्वतःचं अंथरूण, ताट, दप्तर यांचे पैसे नाहीत. ओला-सुका कचरा वेगळा करण्याचे तर नाहीतच. इंदूरच्या मुलाला त्याचे पैसे द्यायचे म्हणजे कमालच झाली. जादा कामाचे मात्र जरूर द्या: उन्हाळ्याआधी कूलर घासून काढला, माळ्यावरची रद्दी बांधून विकली, तर रद्दीचे पैसे त्याचे. मार्कांच्या सौद्यात पडू नका. ९० टक्क्यांना १००० ठरले की ८९ ला घरात वाटाघाटी सुरू होतात.

सगळं मोबाइलवरून

तुमच्या फोनवरून स्कॅन करणाऱ्या मुलाला पैसे कमी होताना दिसत नाहीत. दहाच्या नोटा आणि नाणी द्या. पाकीट पातळ झालेलं हाताला कळतं. यूपीआयचा पिन त्याला पाठ असेल तर आजच बदला. मोठ्या मुलासाठी यूपीआय सर्कलची सोय आहे. त्यात तुमच्या खात्यातून दुसऱ्याला मर्यादित खर्च करू देता येतो: एका व्यवहाराला जास्तीत जास्त ५,०००, महिन्याला १५,०००. आपली मर्यादा याहून खूप खाली ठेवा, किंवा प्रत्येक व्यवहाराला तुमची मंजुरी लागेल असा पर्याय घ्या.

देऊन झाल्यावर नाक खुपसणे

राजवाड्याजवळच्या बाजारातून आणलेलं प्लास्टिकचं खेळणं घरी पोचेपर्यंत मोडलं? मोडू दे. "सांगितलं होतं ना" हे वाक्य गिळा. नकाराची यादी छोटी आणि आधीच सांगितलेली असावी: बंदी असलेला चिनी मांजा, न विचारता मोबाइल गेममधली खरेदी, आणि जे आपण घरी खायला देणार नाही असं काहीही. बाकी त्याची मर्जी.

काही घरांनी तूर्त थांबावं. मूल चार-पाच वर्षांचं असेल, किंवा घरात या वर्षी हात आखडलेला असेल तर "सध्या जमत नाही, दिवाळीनंतर बघू" असं सरळ सांगा. मुलं ते समजून घेतात. सुरू करून दोन रविवार विसरणं त्याहून वाईट.

आणि पर्समधून नोट गायब झाली तर? पाहुण्यांसमोर चौकशी नको, सापळा नको. एकटं गाठून विचारा: "माझ्या पर्समधले १०० रुपये कमी आहेत, कशाला लागले?" पुष्कळदा मित्राची उधारी, हरवलेली वस्तू किंवा मोठ्या मुलांनी मागितलेले पैसे निघतात. शेवटचं असेल तर वर्गशिक्षिकेला त्याच दिवशी भेटा. बाकीच्या बाबतीत आठवड्याचे पैसे चालू ठेवा आणि त्यातून २०-२० करून नोट परत घ्या.