तान्ह्या पोळ्याआधीची तालीम

यवतमाळ जिल्ह्यात, मारेगाव तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत आम्ही दोघंच शिक्षक. पहिली ते चौथीचे पोट्टे, अन् पाणी प्यायच्या सुट्टीत हापशीवर भांडण ठरलेलं. "ढकलू नका रे" असं मी वर्षभर ओरडले. मग लक्षात आलं, ढकलायचं नाही तर म्हणायचं काय, हे मी कधी शिकवलंच नव्हतं. शब्द सुचला नाही की हात उठतो.

आता मी आधी वाक्य देते, तेही त्यांच्याच बोलीत: "आता माहा नंबर हाये, मंग तुहा." इथं प्रमाणभाषेचा हट्ट धरू नका, चिडलेल्या लेकराला घरचीच बोली आठवते. रोज परिपाठानंतर पाच मिनिटं दोघांना रिकाम्या बादलीपाशी उभं करते. वाक्य मोठ्यानं म्हणवून घेते, मग बाजू बदलते. जो ढकलायचा, त्यानं आता मागं राहायचं. ही अदलाबदल चुकवू नका. अन् भांडण पेटलं असताना शिकवायला जाऊ नका, तेव्हा फक्त दोघांना वेगळं करा.

"सॉरी म्हण" अशी सक्ती नको. पोरगं जमिनीकडं बघून पुटपुटतं अन् बाहेर जाऊन पुन्हा मारतं. मी विचारते, "आता त्याच्यासाठी काय करशील?" आणि थांबते. एकदा तिसरीतल्या पोरानं दुसऱ्याची खिचडी सांडवली. बराच वेळ ताट धरून गप्प उभा राहिला. मग आपली अर्धी खिचडी बोटांनी त्याच्या ताटात लोटली.

कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची लेकरं पहिलीत महिनोन्‌महिने गप्प असतात. त्यांना घुमं म्हणू नका. घरी कोलामी, इथं मराठी. कोलामी बोलणारा चौथीतला जोडीदार शेजारी बसवा.

खरी परीक्षा तान्ह्या पोळ्याला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे लाकडी नंदी घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे पैसे नाहीतर खाऊ मागतात. आठवडाभर आधी वर्गाचं दार म्हणजे गावातलं घर. कडी वाजवायची, "काकू, आहात का घरी?" विचारायचं, आपलं नाव सांगायचं. दोन रुपये मिळोत की गोळी, तिथंच मोजायचं नाही. सगळ्यांकडं नंदी नसतो, म्हणून दोघांत एक, अन् नंदीची दोरी घरागणिक दुसऱ्याच्या हाती द्यायची. हे शाळेतच ठरवून घ्या.

मागच्या वर्षी माझ्या दारात दोघी आल्या. मी आत पैसे आणायला वळले, तोवर मोठीनं दोरी धाकटीच्या मुठीत दिली होती.